स्वस्तातली पहिली रायफल

पेनसिल्व्हेनियात नवीन आलो तेव्हा पहिल्याच वर्षी मी एक मोठा गाढवपणा केला होता. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी रिलीज ठेवलं. सकाळी ऑफिसात जाऊन बघतो तर टेस्टिंगची अख्खी रांग रिकामी. मला वाटलं साथ-बिथ आली की काय! मग रिसेप्शनवरच्या बाईंनी समजावलं, "अरे, आज हरणांचा पहिला दिवस." इथे कित्येक दशकं हरणांच्या शिकारीचा मोसम त्या सोमवारी सुरू व्हायचा, आणि खेड्यापाड्यातल्या शाळासुद्धा त्या दिवशी बंद असायच्या. २०१९ पासून मोसम शनिवारी सुरू होतो, पण सोमवारची सुट्टी बऱ्याच शाळांनी सोडलेली नाही. आपल्याकडे गणपतीला कोकणात जाणाऱ्या माणसाला रजा नाकारून बघा, म्हणजे कल्पना येईल.

तर हा सण इतकी वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांचा होता. गेल्या वर्षी तो आमच्या घरात शिरला. लेक तेरा वर्षांची. मैत्रिणीबरोबर शिकारीच्या परवान्यासाठी सक्तीचा असलेला सुरक्षिततेचा वर्ग करून आली, परीक्षा पास झाली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, आता रायफल घ्यायला लागेल."

मी आजवर डास सोडून काही मारलेलं नाही. सौ.ने माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे. नेमकं ताटात मटण होतं. लेकीने तेही बघितलं. "तू हे दुकानातून आणतोस तेव्हा कोणी काही बोलत नाही," एवढंच म्हणाली. आता यावर काय बोलणार?

मग मी तेच केलं जे आपल्या जमातीचा कुठलाही माणूस करेल. एक्सेल शीट उघडली. कॅलिबर, किंमत, वजन, खांद्याला बसणारा धक्का, वीस काडतुसांच्या खोक्याची किंमत. दोन वीकेंडमध्ये चाळीस ओळी झाल्या, निर्णय शून्य. शेवटी शीट छापून शेजारच्या आजोबांकडे गेलो. वय पंचाहत्तर, आणि पोरगी जाणार होती ती त्यांच्याच बरोबर. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "मला असं कोणी विचारलंच नव्हतं. बापाने जी हातात दिली ती माझी पहिली रायफल."

ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि तिथून मी कॅलिबर सोडून इतिहास वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की "पहिली रायफल कुठली घ्यावी" हा प्रश्नच तसा अलीकडचा आहे. सव्वाशे वर्षं सामान्य माणसाच्या हातात जी स्वस्त रायफल आली, ती त्याने निवडलेली नव्हती. ती कधी कारखान्याच्या, कधी युद्धाच्या तर कधी कायद्याच्या कृपेने आली.

सुरुवात हरणांपासून करायला हवी, कारण १९०० च्या आसपास इथे मारायला हरणंच उरली नव्हती. मांस आणि कातडी विकण्यासाठी शिकाऱ्यांनी इतकी मारली, की पांढऱ्या शेपटीची हरणं देशभरात अंदाजे पाच लाखांवर आली. पेनसिल्व्हेनियाने १८९५ साली शिकारीचं खातं उघडलं आणि १९०६ पासून चक्क बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून जंगलात सोडली. १९०० च्या लेसी कायद्याने चोरटं मांस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा ठरवलं. पुढे १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर थेट वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. आज देशातली हरणं तीन कोटींच्या घरात आहेत असा अंदाज आहे. म्हणजे जो माणूस रायफल विकत घेतो तोच हरणाच्या जंगलाचं बिल भरतो. मला हे पचायला जरा वेळ लागला, पण हिशोब तसा आहे खरा.

हरणं नाहीशी होत होती त्याच काळात हरणाची सगळ्यात गाजलेली रायफल जन्माला आली. विंचेस्टर मॉडेल १८९४. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन. हाताखालची कडी खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर, नवीन आत. काउबॉयच्या सिनेमात असते तशीच. खरी क्रांती मात्र तिच्या काडतुसात होती. तोवर रायफलीत काळी दारू असायची. आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीत असते तीच. बार काढला की समोर पांढरा धूर, आणि धूर निवळेपर्यंत आपण काय मारलं ते मारणाऱ्यालाच दिसत नाही. १८९५ साली विंचेस्टरने या रायफलीसाठी बिनधुराच्या दारूचं काडतूस बाजारात आणलं. शिकारीसाठी बनलेलं अमेरिकेतलं हे असं पहिलंच लहान कॅलिबरचं काडतूस. विंचेस्टरने त्याला आपलं नाव दिलं होतं. स्पर्धक मार्लिन कंपनीलाही तेच काडतूस वापरायचं होतं, पण स्पर्धकाचं नाव आपल्या नळीवर कोण कोरणार? त्यांनी सरळ लिहिलं .३०-३०. कॅलिबर .३० इंच आणि दारू ३० ग्रेन. लोकांच्या तोंडी हेच नाव बसलं. (स्टँडर्ड एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट आपल्या धंद्यात ओळखीची वाटेल!)

कागदावर आज .३०-३० अगदीच साधं दिसतं. गोळीचं टोक बोथट, कारण मॅगझिन ही नळीखालची दुसरी नळी. तिच्यात काडतुसं एकामागे एक झोपतात, म्हणजे मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर मॅगझिनमध्येच बार उडायची भीती. बोथट गोळी हवेत लवकर मंदावते, दीडशे-दोनशे यार्डांपुढे तिच्यात दम राहत नाही. पण पेनसिल्व्हेनियाच्या दाट जंगलात हरीण दिसतंच मुळी शंभर यार्डांच्या आत. रायफल हलकी, धक्का बेताचा, आणि मुख्य म्हणजे गावातल्या पिठामिठाच्या दुकानातही तिची काडतुसं मिळायची. सत्तर लाखांवर रायफली खपल्या. "कॅलिबर कुठलं?" हा प्रश्नच नव्हता. दुकानात जे मिळतं ते.

दुसरी स्वस्त रायफल युद्धाने दिली. अमेरिकन सैन्याने १९०३ साली नवीन स्प्रिंगफील्ड रायफल घेतली. तिची यंत्रणा जर्मन माउझरशी इतकी मिळतीजुळती होती की अमेरिकन सरकारला माउझर कंपनीला दोन लाख डॉलरची रॉयल्टी मोजावी लागली. १९०६ साली तिचं काडतूस बदललं, अणकुचीदार हलकी गोळी आली, आणि वर्षावरून नाव पडलं .३०-०६. इकडे १९०५ च्या एका कायद्याने सैन्याच्या जादा रायफली नेमबाजीच्या क्लबांना विकायची सोय झाली होती. हेतू असा की पोरांना नेम धरता यावा, उद्या सैन्यात उपयोगी पडतील. दोन महायुद्धं झाल्यावर तर रायफलींचे डोंगर साठले. १९५० नंतर युरोपातल्या माउझर आणि ब्रिटिशांच्या ली-एनफील्ड जहाजं भरभरून इकडे आल्या. नव्या रायफलीच्या एका अंशात त्या मिळायच्या. घरी आणायची, तळघरात लांबलचक लाकडी दस्ता करवतीने कापायचा, पॉलिश मारायचं, वर दुर्बीण बसवायची. झाली हरणाची रायफल तयार! जुन्या पिढीतल्या किती जणांनी पहिलं हरीण अशा रायफलीने मारलं असेल याला गणती नाही.

शेजारच्या आजोबांची पहिली रायफल हीच. बापाने आणलेली सैन्याची .३०-०६, दस्त्याच्या बुडाला लोखंडी पट्टी तशीच. मागची गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी सांगितली. वय बारा, अंगाने काडी. सरावाला चार गोळ्या झाडल्या आणि खांदा काळानिळा झाला. पाचवी झाडायची हिंमत झाली नाही, आणि हे बापाला सांगायचीही नाही. मोसमाच्या पहिल्या दिवशी हरीण पुढ्यात येऊन उभं राहिलं. चाप ओढताना त्यांनी डोळे मिटले. धक्क्याच्या भीतीने माणूस गोळी सुटायच्या आधीच आक्रसतो, इंग्रजीत त्याला फ्लिंच म्हणतात. गोळी छातीऐवजी पोटात लागली. बाप आणि लेक रात्रीपर्यंत रक्ताचा माग काढत फिरले. हरीण मिळालं नाही. "साठ वर्षं झाली," आजोबा म्हणाले, "कॅलिबर विचारतोस ना? हे त्याचं उत्तर."

त्यानंतर माझ्या शीटमधला "ताकद" हा कॉलम मी उडवला.

स्वस्त रायफलीची आणखी एक किंमत १९६३ साली सगळ्या जगाला दिसली. त्या वर्षी शिकागोच्या एका खेळसामानाच्या दुकानाच्या जाहिरातीत इटालियन सैन्याची ६.५ मिलिमीटरची जुनी कार्कानो रायफल होती. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च दीड डॉलर. कूपन भरा, पैसे पाठवा, रायफल पोस्टाने घरी. त्या मार्चमध्ये ए. हायडेल या खोट्या नावाने एकाने ती मागवली. त्याचं खरं नाव ली हार्वी ऑस्वाल्ड. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये काय झालं ते सांगायला नको.

यातला एक दैवदुर्विलास मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. १९५८ साली सिनेटर असताना जॉन केनेडी यांनी स्वतःच एक विधेयक मांडलं होतं. परदेशी सैन्यांच्या जुन्या शस्त्रांची आयात बंद करा म्हणून. कारण अगदी गावठी होतं. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये बंदुकांचे कारखाने होते आणि स्वस्त आयातीने त्यांचा धंदा बसत होता. ते विधेयक मूळ रूपात मंजूर झालं नाही. अमेरिकेनेच मदत म्हणून बाहेर दिलेली शस्त्रं परत आणण्यावर तेवढी बंदी आली. इटालियन रायफली येत राहिल्या.

पुढे १९६८ चा कायदा आला आणि पोस्टाने रायफल मागवणं संपलं. सैन्याच्या जुन्या रायफलींची आयातही बरीच वर्षं आटली. परवानाधारक दुकान, समोरासमोर व्यवहार, फॉर्म, आणि १९९८ पासून फोनवर किंवा कॉम्प्युटरवर लगेच होणारी पार्श्वभूमीची तपासणी. (व्हिसावर असलेल्या मंडळींसाठी: एच-वन वगैरे बिगर-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. पण त्याच कायद्यात अपवाद आहे, आणि त्यातला एक म्हणजे चालू असलेला शिकारीचा परवाना! म्हणजे अमेरिकन सरकारच्या लेखी हरीण हे बंदूक बाळगायचं सबळ कारण आहे. माझं ग्रीन कार्ड असल्यामुळे हा घाट मला चढावा लागला नाही.)

युद्धाची रायफल आटल्यावर स्वस्त रायफल आता कारखान्यालाच बनवायला लागणार होती, आणि इथे माझ्यातला इंजिनियर खूश झाला. बोल्टच्या रायफलीत सगळ्यात नाजूक काम असतं ते काडतुसाच्या बुडाशी. काडतूस नळीत बसलं आणि मागून बोल्ट बंद झाला की दोघांमध्ये किती फट राहते? जास्त राहिली तर काडतुसाचं पितळ फाटू शकतं आणि तापलेला वायू मागे येतो. कमी राहिली तर बोल्ट बंदच होत नाही. जुन्या पद्धतीत कसबी कामगार एकेका रायफलीची नळी घासून ही फट जुळवायचा. त्याचा वेळ म्हणजेच किंमत. १९५८ साली सॅव्हेज कंपनीच्या निकोलस ब्रूअर यांनी मॉडेल ११० मध्ये हा प्रश्न एका नटावर मिटवला. नळीला नुसते आटे पाडायचे. आत मापाचं गेज ठेवायचं, नळी पिळत गेजला टेकेपर्यंत आणायची आणि बाहेरून नट आवळून जागच्या जागी पक्की करायची. संपलं! घासाघीस नाही. शिवाय बोल्टचं डोकं वेगळं आणि किंचित सैल ठेवलं, म्हणजे ते आपोआप नीट टेकतं. हजारो रायफली तपासून दुरुस्त करण्याऐवजी चूक होणारच नाही असं डिझाइन करा, हा धडा आपल्याला आजही दर सहा महिन्यांनी नव्याने शिकवावा लागतो.

गंमत म्हणजे हा नट दिसायला ओबडधोबड. नळीवर नट दिसला की लोक नाक मुरडायचे, गरिबाची रायफल म्हणून. १९८८ साली सॅव्हेजचं दिवाळं वाजलं तेव्हा नव्या व्यवस्थापनाने बाकीचा पसारा कापला आणि फक्त ही ११० ठेवली. तिच्यावरच कंपनी सावरली. आज रुगर अमेरिकनसारख्या स्वस्त रायफलींमध्येही तोच नट आहे, आणि चार-पाचशे डॉलरची ही रायफल नेमात जुन्या महागड्या रायफलींना मागे टाकू शकते.

कायद्याने कॅलिबर ठरवल्याचा नमुना मला सगळ्यात जवळचा सापडला तो आपल्याकडे. भारतात जुन्या शिकारी घरांत .३१५ ची रायफल का सापडते? ब्रिटिश सैन्याची होती .३०३, आणि सैन्याचं कॅलिबर सामान्य माणसाला बंद. सैन्यातून पळवलेलं काडतूस बाहेरच्या रायफलीत चालता कामा नये! म्हणून ८ मिलिमीटरचं जुनं ऑस्ट्रियन काडतूस .३१५ या नावाने आलं, आणि पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्यातही त्याची स्पोर्टिंग रायफल बनली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्या रायफलीने हरीण मारणं हा गुन्हा झाला, पण आकडा तोच राहिला. इथेही तसंच. शेजारच्या सपाट, दाट वस्तीच्या ओहायोत हरणांसाठी रायफल चालतच नसे, कारण चुकलेली गोळी फार लांब जाते. २०१४ साली त्यांनी सरळ भिंतीची काडतुसं तेवढी मान्य केली, त्यांची गोळी लवकर खाली येते. मग २०१९ मध्ये विंचेस्टरने अशा राज्यांसाठी .३५० लेजंड नावाचं काडतूस काढलं. कायदा आधी, काडतूस मागून.

असो. आता आमचं काय झालं ते सांगतो.

चाळीस ओळींच्या शीटला इतिहासाने तीन चाळण्या लावल्या. आपल्या जिल्ह्यात कायद्याने काय चालतं? गावातल्या दुकानात कुठलं काडतूस कायम मिळतं? आणि हे पोर डोळे न मिटता वीस गोळ्या झाडू शकतं का? खाली उरली तीन-चारच नावं. .३०-३० होतंच. २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर होतं, धक्का कमी आणि सध्या सगळीकडे त्याचाच बोलबाला. आणि होतं .२४३, म्हणजे १९५५ साली सैन्याकडून आलेल्या .३०८ काडतुसाची मान आवळून बनवलेलं. त्याचा धक्का .३०-०६ च्या जवळजवळ निम्मा.

उन्हाळाभर लेक आजोबांच्या .२२ वर सराव करत होती. सप्टेंबरात मी एक सेकंडहँड सॅव्हेज घेतली, .२४३, दस्ता आखूड. दुर्बिणीसकट तीनशे साठ डॉलर. विकत माझ्या नावावर, कपाटाची किल्लीही माझ्याकडे. रेंजवर आजोबांनी एक युक्ती केली. तिच्या नकळत मधूनच रिकामं काडतूस भरायचे. बार होत नाही तेव्हा नळी दचकली तर समजायचं की पोर घाबरतंय. नळी हलली नाही. माझ्या वेळी मात्र चांगली वीतभर हलली, आणि दोघं मनसोक्त हसले.

मोसमाच्या पहिल्या शनिवारी पहाटे आम्ही तिघं झाडाखाली बसलो होतो, नारिंगी जाकिटांत भोपळ्यासारखे. नऊच्या सुमाराला उतारावर एक हरीण आलं. साठ-सत्तर यार्ड असेल. तिने रायफल खांद्याला लावली, दुर्बिणीतून बघितलं. मी श्वास धरून. खूप वेळ गेला. मग तिने सेफ्टी परत लावली आणि रायफल खाली घेतली. हरीण निघून गेलं.

"काय झालं?" मी कुजबुजलो.

"बाबा, ते चढावर होतं. मागे काय आहे ते दिसत नव्हतं."

आजोबा काहीच बोलले नाहीत. थर्मासमधली कॉफी त्यांनी आधी तिला दिली, मग मला.

त्या मोसमात आम्ही रिकाम्या हातानेच परत आलो. रविवारी मटण मी दुकानातूनच आणलं, पण या वेळी वाढताना जरा जपून वाढलं. ती चाळीस ओळींची शीट अजून लॅपटॉपवर पडून आहे. कोणाला हवी असेल तर कळवा, "ताकद" कॉलम वगळून पाठवतो.